विषय सापडला, पण प्रश्न कुठे आहे?

प्रश्न : मी चुडाव्याची आहे. एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध लिहायचा आहे. ‘ग्रामीण भागातील मुलींच्या शिक्षणातील समस्या : एक अभ्यास’ हा विषय मी सरांना दाखवला. ते म्हणाले, “हा विषय झाला. यातली संशोधन समस्या कोणती? आणि उद्दिष्टं कुठे आहेत?” मुलींची गळती ही समस्या नाही का? मग सरांना नेमकं काय हवं आहे?
— एक विद्यार्थिनी, चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी

उत्तर : मुलींची गळती ही समाजाची समस्या आहे आणि गंभीर आहे. संशोधनाची समस्या मात्र आपल्या माहितीत जिथे खिंडार पडतं तिथे असते. दोन गोष्टी आपल्याला ठाऊक असतात, पण त्यांचा मेळ बसत नाही आणि का बसत नाही हे कोणी तपासलेलं नसतं. सर तीच जागा मागत आहेत.

याचं सुरेख उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचं वाण तुमच्या घरच्यांनी लावलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. भेंडीवर केवडा पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या होतात, फळं पिवळट आणि निबर निघतात, बाजारात कोणी उचलत नाही. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पूसा सावनी’ हे वाण या रोगाला तोंड देणारं म्हणून देशभर गेलं, पण पुढे तेही बळी पडू लागलं.

‘भेंडीवरील केवडा : एक अभ्यास’ असा विषय घेऊन पानंच्या पानं भरता आली असती. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी वेगळा रस्ता धरला. खायच्या भेंडीत भरवशाची प्रतिकारशक्ती मिळत नव्हती, तिच्या भाऊबंद जातीत, ॲबेलमॉस्कस मॅनिहॉटमध्ये, ती होती. खिंडार इथेच होतं. म्हणून त्यांनी विचारलं : ही शक्ती पुढच्या पिढीत कशी उतरते? एका जनुकामुळे की अनेक?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. शक्ती अनेक जनुकांत विखुरलेली असती, तर ती उचलून खायच्या भेंडीत आणणं फार अवघड गेलं असतं. ती एकाच प्रभावी जनुकात असेल, तर संकरातून निघालेल्या रोपांतली निरोगी रोपं निवडायची, पुन्हा पूसा सावनीशी संकर करायचा आणि हेच पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवायचं. म्हणजे उत्तर कोणतंही आलं तरी पुढचं काम ठरणार होतं. 1981 साली त्यांनी प्रसिद्ध केलेलं उत्तर होतं : एक प्रभावी जनुक. 1986 मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात ‘परभणी क्रांती’ची नोंद आली. पुढे याही वाणावर ठिकठिकाणी केवडा दिसू लागला आणि संशोधकांना नवा प्रश्न मिळाला. पण वाणाच्या आधी प्रश्न नेमका झाला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. चुडाव्याला रेल्वे स्टेशन आहे. एका बाजूला पूर्णा, दुसऱ्या बाजूला लिंबगाव आणि नांदेड. दोन्हीकडे महाविद्यालयं आहेत. राज्य सरकारच्या अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, पण तो बारावीपर्यंतच. त्यानंतर सवलतीचा विद्यार्थी पास किंवा मार्च 2023 पासूनची महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत उरते. मग बारावीनंतर ज्या मुली थांबतात, त्या भाड्यासाठी थांबतात का? की गाडीची वेळ आणि तासिकांची वेळ जुळत नाही म्हणून? की सोबत जाणारी मैत्रीण नाही, लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणून? प्रत्येक कारणावर उपाय वेगळा. भाडं हे कारण असेल तर पास वाढवून भागेल, लग्न हे कारण असेल तर पासने काहीच होणार नाही. चुडावा आणि शेजारच्या दोन-तीन गावांपुरती यातल्या कोणत्या कारणाचं वजन किती, ही तुमची संशोधन समस्या होऊ शकते.

समस्या इतकी आवळली की उद्दिष्टं आपोआप सुचतात. ठरावीक वर्षांत बारावी झालेल्या मुलींपैकी किती पुढे शिकल्या हे मोजणं. शिकणाऱ्या आणि थांबलेल्या मुलींच्या घरचा प्रवासखर्च, प्रवासाचा वेळ आणि सोबत यांची तुलना करणं. थांबण्याचा निर्णय घरात कोणी आणि केव्हा घेतला हे जाणून घेणं. तीन पुरेत. ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’, ‘उपाय सुचवणे’ ही क्रियापदं प्रबंधांत सर्रास दिसतात, पण त्यांनी काम केव्हा संपलं हे कळत नाही. मोजणं आणि तुलना करणं यांना शेवट असतो. उद्दिष्ट लिहिलं की स्वतःला विचारा, याचं उत्तर माझ्या अंदाजाविरुद्ध येऊ शकतं का? येऊच शकत नसेल, तर ते उद्दिष्ट नाही, आपलं मत आहे. भाड्याचा काही संबंध नाही असंही निघू शकेल, आणि ते तितक्याच प्रामाणिकपणे लिहावं लागेल.

एका बाबतीत मात्र आग्रह धरते. प्रश्नावली घेऊन महाविद्यालयात जाऊ नका, निदान आधी तरी नाही. तिथे भेटतील त्या शिकत असलेल्या मुली. थांबलेल्या तिथे नसतातच, आणि तुमचा प्रश्न तर त्यांच्याबद्दल आहे. सरांचं पत्र घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, जनरल रजिस्टर बघायची परवानगी मागा आणि बारावी झालेल्या मुलींची यादी तिथून करा. काहींची लग्नं होऊन त्या परगावी गेल्या असतील. त्यांच्या आईशी बोला, फोन नंबर मिळाला तर मुलीशीही. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी खोटी ठरेल.