सुई, खाच आणि क्लॅप्टन

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषयाचा अभ्यास मात्र पक्का केलाय, कारण त्यात माझे पैसे अडकले होते!

एरिक क्लॅप्टनचा 'अनप्लग्ड' हा माझा लाडका अल्बम. १६ जानेवारी १९९२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत, मोजक्या श्रोत्यांसमोर एमटीव्हीसाठी वाजवलेला. इलेक्ट्रिक गिटारचा हा बादशहा त्या दिवशी अकूस्टिक गिटार घेऊन बसला. जुने ब्लूज वाजवले, स्वतःचं 'लैला' चक्क संथ करून गायला, आणि १९९१ मध्ये गेलेल्या आपल्या चार वर्षांच्या मुलासाठीचं 'टिअर्स इन हेवन'सुद्धा. १९९३ मध्ये याच अल्बमला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं.

मेसचे परत मिळालेले पैसे साठवून मी याची रेकॉर्ड घेतली. टर्नटेबल रूममेटच्या बाबांचा. वायर थेट कॉम्प्युटरच्या स्पीकरला जोडली, सुई टेकवली आणि... पत्र्याच्या डब्यात मधमाशी! नेथन ईस्टचा बेस गायब, क्लॅप्टन पायाने ठेका धरतो तोही गायब. रेकॉर्ड डुप्लिकेट निघाली म्हणून मी रडायच्या बेतात. इलेक्ट्रॉनिक्स लॅबचे काका हसले. म्हणाले, "अगं, फोनो प्रीअँप कुठाय?"

आता खरा धडा. रेकॉर्डवर आवाज म्हणजे खाचेची नागमोड. खर्जाच्या आवाजाला नागमोड फार मोठी लागते. तो आहे तसा कोरला तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. उलट तार स्वरांची नागमोड इतकी बारीक, की धुळीच्या खरखरीत हरवून जाईल. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात आणि तार स्वर वाढवतात. १९५४ पासून याचं 'आरआयएए' हे ठरलेलं माप आहे : १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला साधारण २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला तितकेच जास्त. वाजवताना प्रीअँपने बरोब्बर उलटं करायचं. आम्ही ते केलंच नव्हतं! शिवाय सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट.

खर्ज दाबल्यामुळे खाचा जवळजवळ बसतात आणि वेळ वाढतो. या अल्बममधली 'वॉकिन ब्लूज' आणि 'मॉल्टेड मिल्क' रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये टेक्सासमध्ये रेकॉर्ड केली, तेव्हा ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला मिळायची तीनेक मिनिटं. गाणं तेवढ्यात आटपायचं! क्लॅप्टनचं 'ओल्ड लव्ह' इथे जवळपास आठ मिनिटं चालतं. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर एका बाजूला वीसेक मिनिटं सुखाने मावतात. हा अल्बम तासाभराचा, म्हणून माझ्या सेटमध्ये दोन तबकड्या.

आणखी एक गंमत. फेऱ्या तेवढ्याच, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी पळते, आतल्या टोकाला फक्त २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ०.०५ मिमीत, तर आत ०.०२ मिमीत कोंबलेली. बाजू संपत आली की झांजा जरा बोथट वाटतात त्या यामुळे. (गणित स्वतः करून बघा, व्हायवात विचारणार नाही.)

काकांनी ड्रॉवरमधून एनई५५३२ काढून दिला. ब्रेडबोर्डवर सर्किट लावलं. बेस आला! पण सोबत हूं... असा घुमणारा आवाजही. आरआयएए वाजवताना ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल उचलतं, म्हणजे आपली मेन्सची गुणगुणही उचलली जाणारच. टर्नटेबलची अर्थिंगची वायर लोंबकळत होती. ती जोडली आणि सगळं शांत.

"व्हायनल सीडीपेक्षा भारी" असं रूममेट म्हणते. आकडे तिच्या बाजूने नाहीत. १६ बिटच्या सीडीला ९६ डेसिबल, एलपीला साधारण ६० ते ७०. इलेक्ट्रिक गिटारच्या धुमाळीत खरखर लपून जाते, पण 'टिअर्स इन हेवन'मध्ये लपायला जागाच नाही, प्रत्येक चट्-चट् ऐकू येते. तरी रेकॉर्ड मी विकणार नाहीये, असो!

शेवटची बाजू संपली तेव्हा लॅबमध्ये आम्ही पाचजण होतो. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली, दर १.८ सेकंदाला एक टक्. कुणीच उठेना. काकाच म्हणाले, "चला पोरांनो, मला कुलूप लावायचंय."