सकाळी नवऱ्याच्या तोंडाला वास येतो, त्याला कसं सांगू?

प्रश्न : लग्नाला वर्ष झालं. सकाळी नवरा जवळ आला की त्याच्या तोंडाच्या वासाने मी मान फिरवते. तो हिरमुसतो. न दुखावता कसं सांगू?

उत्तर : मान फिरवण्यापेक्षा स्पष्ट बोललेलं बरं; नाहीतर त्याला वाटेल, तुम्हाला तोच नको आहे. मात्र हा विषय अंथरुणात किंवा चारचौघांत काढू नका. संध्याकाळी निवांत असताना सांगा, "तू जवळ आलेलं मला आवडतं, फक्त सकाळी वासाचा त्रास होतो. आपण दोघंही रात्री ब्रश करूया का?"

झोपेत लाळ कमी सुटते. मग जिभेवरचे जीवाणू फोफावतात आणि गंधकयुक्त वायू तयार होतात. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांना हा त्रास जास्त.

रात्री जेवणानंतर २ मिनिटं ब्रश करावा, दातांच्या फटी धाग्याने साफ कराव्यात. टंग क्लीनर जिभेच्या मागच्या भागापर्यंत न्यावा. पांढरा थर तिथेच साचतो. तंबाखू असेल तर सोडायलाच हवी. उठल्यावर पाणी पिऊन चूळ भरली, तरी फरक पडतो.

ब्रश आणि नाश्त्यानंतरही वास टिकला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर दंतवैद्यांना दाखवा. पहिल्यांदा तुम्हीही सोबत जा.