पुस्तकांचा संपादक वडसा-आरमोरीतही घडू शकतो

एका निवृत्त शिक्षकाच्या आठवणींचं हस्तलिखित तुमच्यासमोर आहे असं समजा. त्यात वाक्य येतं, ‘१९७५ साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला झाली.’ व्याकरणात काही चूक नाही. पण गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. त्याआधी तो सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. पुढच्या पानावर ‘शाळेमागची बोडी’ येते. पुण्यामुंबईचा संपादक तिथं अडखळेल, कदाचित ‘होडी’ करून मोकळा होईल. बोडी म्हणजे धानाच्या शेताला पाणी देणारं छोटं तळं, हे ब्रह्मपुरीच्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही. पहिली चूक पकडायची आणि दुसऱ्या शब्दाला हात लावायचा नाही, संपादकाचं बरंचसं काम यातच येतं. म्हणून मला मनापासून वाटतं की, आपल्या भागातल्या वाचनवेड्या मुलामुलींनी फ्रीलान्स संपादनाचा गंभीरपणे विचार करावा.

पालकांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो, आणि तो रास्तच आहे. इथं महिन्याचा ठरलेला पगार नाही. सुरुवातीला यावर घर चालणार नाही. त्यामुळे पदवी, बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी सोडून यात उडी घेऊ नये. त्यासोबतच हात बसवावा.

काम मात्र आहे. २०११मध्ये गोंडवाना विद्यापीठ सुरू झाल्यापासून प्रबंध इथंच लिहिले जातात. स्वयंसेवी संस्थांचे अहवाल असतात, स्वखर्चानं पुस्तक काढणारे निवृत्त शिक्षक आणि वनकर्मचारी असतात, झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता असतात. हेमलकशाचं काम महाराष्ट्रात घरोघरी पोचवणारं डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ शब्दांकनातून उभं राहिलं आहे. म्हणजे अनुभव एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची, असंही काम असतं. प्रबंधाच्या बाबतीत मात्र ठाम राहा. भाषा तपासून द्यावी, प्रकरण लिहून देऊ नये, कितीही पैसे मिळाले तरी.

तयारीसाठी साहित्य महामंडळाचे लेखननियम पक्के करा. यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आणि अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ हाताशी ठेवा. घरच्या झाडीबोलीची लाज बाळगू नका. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या शब्दकोशासाठी कष्ट उपसले ते उगीच नाही. निवेदन प्रमाण मराठीत असलं, तरी पात्रांच्या तोंडची बोली ‘शुद्ध’ करायची नसते. रोवणी ही रोवणीच राहू द्या, तिची लावणी करू नका.

आता व्यवहार. लेखक संपादक शोधतो तेव्हा नुसत्या गुणपत्रिकेवर काम देत नाही, नमुना मागतो. त्याच्या मजकुराची चार-पाच पानं तपासून द्या, वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून, म्हणजे काय बदललं ते त्याला दिसेल. जिथं शंका आहे तिथं परस्पर बदल करू नका, समासात विचारा: ‘सर, १९७५मध्ये हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. तसा बदल करू का?’ सर चिडले तर समजुतीनं सांगा. शेवटचा शब्द लेखकाचा. लेखकांनाही एक सांगणं आहे. हस्तलिखित पूर्ण झाल्यावरच द्या, काम चालू असताना रोज नवा परिच्छेद पाठवू नका.

नमुना पसंत पडला की ईमेलवर सगळं लिहून घ्या. नुसतं मुद्रितशोधन करायचं की वाक्यंही बांधायची? प्रकरणांचा क्रम बदलायची मुभा आहे का? किती वेळा तपासायचं, आगाऊ रक्कम किती, उरलेली कधी? दर पानावर ठरवला की हमखास वाद होतो, कारण अक्षराचा आकार बदलला की पानं बदलतात. हजार शब्दांवर ठरवा. फाइल श्रीलिपीत असेल, तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. ती नीट करण्याचे पैसे वेगळे सांगा. मुदत ठरवताना पावसाळा ध्यानात घ्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा तिथला लेखक आठवडाभर फोनवरही मिळणार नाही.

ओळखीतल्या माणसाकडे पैसे मागायला आपल्याकडे फार संकोच वाटतो. आई-वडिलांनी इथं मुलांच्या पाठीशी उभं राहावं, ‘आपल्याच सरांचं काम आहे, फुकट करून दे’ असं म्हणू नये. पहिल्या कामापासून बिल द्यावं, पॅन कार्ड काढून ठेवावं. संस्थेनं मानधनातून कर कापला, तर तो विवरणपत्रात दाखवावा; उत्पन्न करपात्र नसेल तर ती रक्कम परत मिळते.

पहिला नमुना कुठून आणायचा? कॉलेजच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळात याच वर्षी नाव द्या, आणि दुरुस्त्या दाखवणाऱ्या फाइली पुसून न टाकता जपून ठेवा.