गवताचे बी कधी पेरावे? कपिलधारच्या माळावरून



"ताई, गवत कुणी पेरतंय व्हय? ते आपोआपच येतंय." कपिलधारजवळच्या वस्तीवर मी पहिल्यांदा अंजन गवताचे बी घेऊन गेले, तेव्हा एका आजींनी हे विचारले आणि सगळी वस्ती हसली. मीही हसले. त्या वर्षी बहुतेक बी वाया गेले, त्यामुळे आजींचे हसणे खरे ठरले, पण कारण वेगळे होते.

कपिलधार आपल्यापैकी अनेकांना धबधब्यामुळे आणि मन्मथस्वामींच्या समाधीमुळे ठाऊक असेल. कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. पण धबधब्यापासून थोडे वर चढले की बालाघाटचा उघडा माळ लागतो. मुरूम, दगड, जेमतेम वीतभर माती. पाऊस वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही मधेच पंधरा-वीस दिवस दडी मारणारा. दसरा-दिवाळीनंतर कोयते ऊसतोडीला निघतात. घरी चारा असेल तर म्हातारी माणसे शेळ्या सांभाळून मागे राहतात आणि नातवंडेही त्यांच्यापाशी राहून शाळेत जातात. चारा नसेल तर शेळ्या पडेल भावाने विकल्या जातात आणि मुले फडावर जातात. चाऱ्याचा प्रश्न आमच्यासाठी असा शाळेच्या हजेरीपर्यंत पोहोचतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या होत्या हे आपल्याला आठवत असेल. पण छावणी प्रामुख्याने गाई-बैलांची. शेळीवाल्याने कुठे जावे?

आता चूक सांगते. पहिल्या वर्षी रोहिणीचा एक वळीव जोरात झाला. माती भिजली, वास सुटला, आणि मी घाई केली. चार दिवसांत हिरवी लव दिसू लागली. मंडळीला फोटोसुद्धा पाठवले! मग मृगाने पाठ फिरवली. खाली खडक, मुळाला जायला जागा नाही. आठवड्यात सगळे करपले. मत्तयाच्या तेराव्या अध्यायावर मी कितीदा बोलले असेन, पण खडकाळ जमिनीवरचे बी आधी का उगवते हे मला त्या माळावर कळले. पातळ माती लवकर तापते, म्हणून ते लवकर उगवते आणि म्हणूनच लवकर मरते.

थंड देशांत गवताचे कुरण लावणाऱ्यांचा शत्रू हिमकडा असतो. तिकडे बी वसंतात पेरतात किंवा उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे कडाका पडण्याआधी मुळे खोल जायला दीड-दोन महिने मिळतील असे. आपल्याकडे हिमाच्या जागी पावसाचा खंड आहे. हिशेब मात्र तोच: पहिला मार बसण्याआधी मूळ किती खोल गेले असेल? म्हणून आता आम्ही नक्षत्राचे नाव पाहत नाही, माती पाहतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडून गेला पाहिजे, आणि खुरप्याने उकरल्यावर ओल वीतभर खाली लागली पाहिजे. आमच्या माळावर हे बहुधा आर्द्रात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात होते. कधी पुनर्वसूही उजाडते. त्यापुढे फार लांबवू नये, नाहीतर रानगवत आणि तरोटा नव्या रोपाला दाबून टाकतात.

धूळपेरणी करू नये का? काही जण करतात, आणि भारी जमिनीत ती साधते. आमच्याकडे मुंग्या बी ओढून नेतात. हे मला त्याच आजींनी वारुळाशी पडलेली टरफले दाखवून शिकवले. तेव्हापासून आम्ही बी शेण आणि मातीत कालवून त्याच्या गोळ्या करतो. अंजनाचे बी कापसासारखे हलके असते, नुसते फेकले तर वाऱ्याने शेजारच्या गावात जाते.

बियाबद्दल आणखी दोन गोष्टी. अंजनाचे ताजे बी झोपलेले असते. मागच्या हंगामाचे, साठवलेले बी जास्त उगवते. म्हणून दुकानात "एकदम ताजं आहे" म्हटले की मी घेत नाही. उलट स्टायलोचे बी कठीण कवचाचे. उकळी येण्याआधीच्या कडक पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून मग रात्रभर गार पाण्यात भिजवावे. एकरी दोन-अडीच किलो अंजन आणि तीनेक किलो स्टायलो पुरते. उताराला आडव्या उथळ ओळी काढून पेरावे आणि बियावर बोटाच्या पेराहून कमी माती ओढावी. खोल गेलेले बी वर येत नाही. जिथे माती अगदीच धुपलेली आहे तिथे बी न टाकता मारवेलचे ठोंब लावतो. ते जुलैच्या झडीत लावावे. दगडाच्या आडोशाला लावलेला ठोंब खंडातही तग धरतो.

खरा वाद पेरणीनंतर होतो. पहिल्या वर्षी शेळी आत सोडायची नाही. ज्या घरात शेळीशिवाय दुसरे काही नाही, त्यांना समोर हिरवे दिसत असताना हे सांगणे सोपे नाही, आणि मला ते सांगण्याचा अधिकार आहे का, असेही वाटते. त्यावर तोडगा वस्तीनेच काढला. अर्धा तुकडा फुलोऱ्यात, भाद्रपदाच्या सुमारास, कापायचा. त्याचे वाळलेले गवत सकस असते. उरलेला अर्धा बी झडेपर्यंत राखायचा. तो चारा निबर होतो, पण पुढच्या वर्षीची पेरणी जमीन स्वतःच करते. कुसळीचे पट्टे मात्र सगळ्यात आधी कापायचे. कुसळ कडक झाले की शेळ्यांच्या तोंडात रुतते.

दुसऱ्या पेरणीनंतर वस्तीवरच्या काही घरांनी पहिल्यांदा गंजी रचली. त्या वर्षी आजींच्या शेळ्या विकल्या गेल्या नाहीत, आणि दोन नाती मागे राहिल्या. सगळीच घरे राहिली असे नाही. काहींची उचल आधीच घेतलेली होती.

मदत करू इच्छिणाऱ्या मंडळ्यांना एक विनंती. बियाची रक्कम एप्रिलअखेर पोहोचली तर मे महिन्यात जुने, साठवलेले बी निवडून घेता येते. जूनमध्ये आलेली रक्कम आम्ही ठोंबांसाठी वापरू.