आधी घर निवड, मग खोली

दादा-वहिनींच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून त्यांना इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या कंट्री हाउस हॉटेलात दोन रात्री राहायला न्यायचं तू ठरवलंस, फार छान केलंस. आता खोल्यांचे फोटो बघणं जरा थांबव आणि माझं ऐक. फोटोत पलंग सगळीकडे सारखेच दिसतात. अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते त्या घराचे, म्हणजे तिथल्या दिवाणखान्याचे, लायब्ररीचे, जिन्याचे आणि बागेचे. खोली रात्रीपुरती लागते. म्हणून आधी घर निवडायचं, मग त्यातली खोली, आणि तिथे गेल्यावर घराला उजेडातला भरपूर वेळ द्यायचा.

हे मला माझ्या पहिल्या वॉर्डच्या मेट्रनबाईंनी शिकवलं. त्यांची आई यॉर्कशरमधल्या अशाच एका मोठ्या घरात कामाला होती. सगळे झोपेत असताना उठून प्रत्येक खोलीतली राख काढायची आणि नवा विस्तव पेटवायचा, हे तिचं काम. त्यामुळे बाईंना ही घरं मागच्या जिन्याच्या बाजूनेही ठाऊक होती. मी तुला जे सांगतेय त्यातलं निम्मं त्यांचंच आहे.

घर निवडताना ज्याला न्यायचंय त्याचा स्वभाव बघ. दादा इतिहासात रमतो, त्याच्यासाठी मी एल्सबरीजवळचं हार्टवेल हाउस सुचवेन. फ्रान्सचा परागंदा राजा अठरावा लुई 1809 ते 1814 या घरात राहिला. त्याची राणी 1810 मध्ये इथेच वारली. नेपोलियन पडल्यावर राजमुकुट स्वीकारल्याच्या कागदावर त्याने सही केली ती इथल्या लायब्ररीत. राजाबरोबर आलेला लवाजमा एवढा मोठा होता की लोकांनी छपरावर कोंबड्या आणि ससे पाळले होते, असं सांगतात. हार्टवेल, यॉर्कजवळचं मिडलथॉर्प हॉल आणि वेल्समधलं लँडडनोजवळचं बॉडिस्गॅलन हॉल ही तिन्ही हॉटेलं 2008 मध्ये त्यांच्या मालकांनी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. मला या तिघांबद्दल विशेष माया आहे, कारण तिथे भरलेल्या बिलातून होणारा नफा जुनी घरं सांभाळण्याच्याच कामी येतो.

वहिनीचा जीव झाडांत. तिच्या मनासारखं करायचं असेल तर ससेक्समधलं ग्रेव्हटाय मॅनर. घर 1598 चं, पण आज ते ओळखलं जातं विल्यम रॉबिन्सनमुळे. 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून त्याने इंग्रजांना कवायतीसारख्या आखीव फुलवाफ्यांतून बाहेर काढलं. 1884 मध्ये हे घर घेतलं आणि 1935 मध्ये मरेपर्यंत इथली बाग वाढवली. म्हातारपणी चालता येईना तेव्हा चाकाच्या खुर्चीतून फिरत तो फुलझाडांचे कंद टाकत जायचा, असं सांगतात. उतारावर त्याने बांधलेली लंबगोल भिंतीची भाजीबाग आजही हॉटेलच्या मुदपाकखान्याला भाजी आणि फळं पुरवते. तिथे वहिनीला सकाळी घेऊन जा, माळी कामावर असतो. त्याला पिकांबद्दल विचारलं की तो मनापासून सांगतो.

आणि भपकाच बघायचा असेल तर थेम्सकाठचं क्लिव्हडेन. आजचं घर 1851 चं, चार्ल्स बॅरीने बांधलेलं, तोच तो ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीचा वास्तुकार. 1893 पासून हे ॲस्टर घराण्याकडे होतं. 1919 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बसलेली पहिली बाई, नॅन्सी ॲस्टर, इथली मालकीण. पुढे 1961 मध्ये इथल्याच पोहण्याच्या तलावाकाठी मंत्री प्रोफ्युमो आणि क्रिस्टीन कीलर नावाची तरुणी यांची भेट झाली आणि त्या प्रकरणातून सरकार हादरलं. दादाला हे सगळं जाण्याआधी सांग, तिथे पोचल्यावर नको. गोष्ट माहीत असली की घर आपलं आपण बोलू लागतं. एक लक्षात ठेव, क्लिव्हडेनची जमीन आणि बाग नॅशनल ट्रस्टची आहे, दिवसा तिथे तिकीट काढून पुष्कळ लोक येतात. तिथे राहणाऱ्याने बाग बघायची ती न्याहारीच्या आधी किंवा संध्याकाळी, लोक गेल्यावर.

दादा स्टोक पार्कचंही नाव काढेल, कारण ते मुंबईच्या पेपरांत गाजलं होतं. ते 2021 मध्ये रिलायन्सने विकत घेतलं आणि त्यानंतर पाहुण्यांसाठी बंद झालं. तिथे खोली शोधत बसू नकोस.

दादा-वहिनी सासवडजवळच्या जाधवगडावर राहून आलेत. पिलाजी जाधवरावांनी 1710 मध्ये बांधलेली ती गढी आहे, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी. इंग्लंडमधली ही घरं बांधली गेली पाहुण्यांना आत घेण्यासाठी. शनिवार-रविवार माणसं बोलवायची, शिकार करायची, रात्री जेवणाच्या टेबलावर राजकारण करायचं. म्हणूनच त्यांची हॉटेलं इतकी सहज झाली. झाली मात्र नाइलाजाने. 1870 नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू आला आणि शेतीचं उत्पन्न कोसळलं. 1894 मध्ये वारसाकर आला, तो 1949 पर्यंत सर्वांत मोठ्या मालमत्तांवर 80 टक्क्यांना पोचला. दोन महायुद्धांत वारस गेले, घरं लष्कराने आणि शाळांनी वापरली. मग शेकडो घरं पाडली गेली. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्या पाडलेल्या घरांवर प्रदर्शन भरवलं तेव्हा लोकांचे डोळे उघडले. हॉटेलांची वाट त्याआधीच सापडली होती. 1948 मध्ये, रेशनिंग चालू असताना, फ्रान्सिस कोल्सन नावाच्या माणसाने उल्सवॉटर तळ्याकाठी शॅरो बे सुरू केलं. या प्रकारचं ते पहिलं हॉटेल मानतात.

आता खोली. यातली बहुतेक घरं वारसा-यादीत आहेत, त्यामुळे मालकाला परवानगीशिवाय भिंत फोडता येत नाही, खिडकी बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट फोनवर विचारून घे, ईमेलवर नको. पहिला प्रश्न: खोली मुख्य घरात आहे की तबेल्याच्या इमारतीत? जुन्या तबेल्यांच्या खोल्या स्वस्त आणि नीटनेटक्या असतात, पण रात्री जेवून पावसातून चालत जावं लागतं आणि घरात राहिल्याचं सुख मिळत नाही. दुसरा प्रश्न लिफ्टचा. दादाच्या गुडघ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा. लिफ्ट आहे म्हणाले तरी ती त्या खोलीपर्यंत जाते का, मध्ये पायऱ्या किती, हे विचार. मजल्यांचंही बघ. मालकांच्या खोल्या पहिल्या मजल्यावर असत, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या. सर्वांत वर, उतरत्या छपराखाली, मोलकरणी झोपत. आज त्या पोटमाळ्यावरच्या खोल्यांना गोड नावं देऊन विकतात. तरुण माणसांना त्या चालतील, दादाचं डोकं तुळईला आपटेल.

तिसरा प्रश्न न्हाणीघराचा. पूर्वी वेगळी न्हाणीघरं नव्हती, कपडे बदलायच्या खोलीत नळ नेऊन ती नंतर बनवली. उंच काठाचा टब असेल आणि उभं राहून अंघोळीची सोय नसेल, तर वहिनीला त्यात चढणं-उतरणं धोक्याचं. शॉवरची वेगळी जागा असलेली खोली माग. छोटा प्लास्टिकचा मग सामानात टाक, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खिडक्यांना बहुधा एकेरी काच असते, म्हणून दक्षिणेकडची खोली माग आणि जास्तीचं पांघरूण आधीच सांगून ठेव. खोलीत चहाची किटली आहे का हेही विचार. काही घरांत ती मुद्दाम ठेवत नाहीत, चहा सांगितला की आणून देतात. दादाला पहाटे पाचला चहा लागतो, तेव्हा किटली मागूनच घे.

आणि या तिन्ही प्रश्नांच्याही आधी विचारायचं ते हे की त्या दिवशी लग्न तर नाही ना. शनिवारी अर्धं घर वऱ्हाडाने भरलं असेल तर दिवाणखाना आपल्याला मिळणार नाही. रविवारची आणि सोमवारची रात्र धर. भाडं कमी असतं आणि घर निवांत असतं.

ऋतूचं थोडक्यात. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, जूनमध्ये दहापर्यंत संधिप्रकाश असतो. एप्रिलअखेर ते जून हा काळ सर्वांत चांगला, मेच्या सुरुवातीला झाडांखाली निळ्या ब्लूबेलचे गालिचे असतात. खोली बहुधा दुपारी तीनला मिळते, पण तुम्ही अकरालाच पोचा. सामान ठेवून घ्यायला सांगायचं, बाग बघायची, तिथेच दुपारचं जेवायचं. दुपारचा ठरलेला मेनू रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि मुदपाकखाना तोच असतो.

जेवणाबद्दल वहिनीसाठी नीट लिहून दे. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर सोडू नकोस. मांस, मासे, अंडं नको, हे तर लिहायचंच. त्याखाली लिही की प्राण्यांच्या जठरातलं रेनेट घातलेलं चीज नको, आणि लक्षात ठेव की खरं पार्मेझान त्यानेच बनतं. पुडिंगमध्ये जिलेटीन नको. वुस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असतो. बटाट्याचे चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, आणि जुन्या पद्धतीच्या वाफवलेल्या पुडिंगमध्ये सूएट नावाची चरबी पडते. हे चार दिवस आधी कळवलंस तर चांगला आचारी आनंदाने वेगळं करतो. आयत्या वेळी सांगितलंस तर मशरूमचा रिसोटो येतो, आणि वहिनी काही न बोलता तो खाते. मला ते बघवत नाही.

मेट्रनबाईंचा सर्वांत मोलाचा सल्ला संध्याकाळचा होता. जेवणाआधी तासभर दिवाणखान्यात जाऊन बसायचं, विस्तवाजवळची जागा धरायची, घाई करायची नाही. आपल्याकडे ओटीवर बसल्याशिवाय पाहुणा घरात आला असं वाटत नाही, तसंच या दिवाणखान्याचं आहे. जेवणाची ऑर्डर पुष्कळ ठिकाणी तिथेच घेतात, टेबल तयार झालं की बोलवायला येतात. आपली माणसं बिचकून खोलीत बसून राहतात आणि थेट जेवायला उतरतात. लायब्ररीतलं पुस्तक काढून वाचावं, पियानोजवळ बसावं, भिंतीवरची चित्रं जवळून बघावीत. पाहुण्याला याची मुभा असते. वहिनीला पैठणी नेसायला सांग. मोठ्या जेवणघरात ती शोभून दिसेल. मात्र दगडी फरशी गार असते, शाल हवी. आणि दारासमोर खडी असते, तिथे उंच टाचा आणि चाकांच्या बॅगा दोन्ही अडतात.

घर दाखवाल का, असं पोर्टरला विचार. हिरव्या बनातीने मढवलेलं दार अजून असेल तर ते दाखवायला सांग. मालकांची बाजू आणि नोकरांची बाजू त्या दाराने वेगळी केलेली असे, आवाज आणि वास अलीकडे येऊ नयेत म्हणून. मेट्रनबाई मला अशा दारापाशी थांबवून आईबद्दल बोलायच्या. पैसा कुठून आला तेही विचार. ल्यूटन हू नावाच्या अशाच एका घरात दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांचे पैसे आहेत. नॅशनल ट्रस्टने 2020 च्या अहवालात आपल्या 93 जागांचे वसाहतींशी किंवा गुलामीशी असलेले संबंध मांडले, त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कमाईवर उभी राहिलेली घरंही आहेत. आपल्या माणसांनी ते जाणून मग तिथल्या खुर्चीत ताठ बसावं असं मला मनापासून वाटतं.

फिरायला निघताना बूट मागून घे, पुष्कळ घरांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दारातच ठेवलेले असतात. मेंढ्यांच्या रानातून जाताना फाटक जसं उघडलं तसं लावायचं. आणि हिरवळीच्या कडेला सांभाळ. गुरं घराजवळ येऊ नयेत पण नजरेला कुंपण दिसू नये, म्हणून तिथे खोल चर खणून एका बाजूला भिंत बांधलेली असते. त्याला हा-हा म्हणतात. घराच्या बाजूने तो अजिबात दिसत नाही. संध्याकाळी दादाला एकट्याला हिरवळीच्या टोकापर्यंत जाऊ देऊ नकोस.

बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं. ते ऐच्छिक असेल तर नाकारता येतं, पण नाकारू नकोस. ऑक्टोबर 2024 पासून कायद्याने ते पूर्ण कर्मचाऱ्यांनाच द्यावं लागतं. त्यावर आणखी टिप द्यायची गरज नाही.

गाडीचं शेवटी सांगते कारण तेच लोक विसरतात. हार्टवेलला मॅरिलबोनहून एल्सबरीची गाडी, ग्रेव्हटायला व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिनस्टेड, क्लिव्हडेनला टॅपलो. स्टेशनाबाहेर टॅक्सी उभी असेल असं धरू नकोस, खेड्यात ती नसते. जातानाची आणि परतीची, दोन्ही आधीच सांगून ठेव. तारखा ठरल्या की हार्टवेलला आधी फोन कर, मुख्य घर, पहिला मजला, वेगळा शॉवर, एवढं विचार आणि मगच दादा-वहिनींची तिकिटं काढ.