चौकट आली? आधी वाचा, मग बोट लावा
(अभ्यासवर्ग : मोबाईलवरच्या सूचना कशा उघडतात, कशा मिटतात)



मागच्या खरिपातली गोष्ट. चिखली तालुक्यातल्या उंद्रीला आपल्या एका सभासदाच्या वावरात आम्ही उभे होतो. सोयाबीन कंबरेला लागलेले. ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली. ‘चार दिवस झाले, रोज वावरात येतो, रोज वापस जातो. मोबाईल फोटोच घेत नाही. बिघडला वाटते,’ असे ते सांगत होते.

मोबाईल बिघडला नव्हता. पहिल्या दिवशी फोनने त्यांना एक चौकट दाखवून विचारले होते, ‘या अ‍ॅपला तुमचे ठिकाण कळू द्यायचे का?’ शहरात शिकणाऱ्या मुलाने बजावलेले होते, ‘बाबा, मोबाईलनं काही इचारलं की सरळ नाही म्हणा.’ म्हणून त्यांनी ‘नाही’ दाबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकट आली, पुन्हा ‘नाही’. तिसऱ्या दिवसापासून चौकट येणेच बंद झाले. आपण वावरात आहोत की घरी, हे अ‍ॅपला कळेना आणि काम पुढे सरकेना.

सोबत त्यांचा पुतण्या होता. तो म्हणाला, ‘काका, दोन डाव नाही म्हटलं त तिसऱ्या डाव ते इचारतच नाही.’ त्याने सेटिंग उघडले, त्यातून अ‍ॅप्स, त्यातून ते अ‍ॅप, त्यातून परवानग्या, त्यातून लोकेशन. तिथे परवानगी दिली. पाच मिनिटांत काम झाले.

याच्या उलट दुसरे एक सभासद. ते जे येईल त्याला ‘हो’ म्हणत. व्हॉट्सअ‍ॅपवर सरकारी योजनेच्या नावाने एक फाईल आली. फोनने चौकट दाखवून विचारलेही, ‘अनोळखी ठिकाणाहून आलेले अ‍ॅप बसवू द्यायचे का?’ यांनी न वाचता ‘हो’ केले. सोयाबीनच्या पट्टीचे आलेले पैसे खात्यातून गेले.

एकाचे नुकसान ‘नाही’ने झाले, दुसऱ्याचे ‘हो’ने. दोघांची चूक मात्र एकच. चौकट वाचली नाही. आजचा पाठ यावरच आहे.

१. चौकट म्हणजे काय?

आपण मोबाईलवर काही करत असताना मधेच एक लहान पाटी पुढे येते. मागचा पडदा अंधूक होतो. पाटीवर एक मथळा, खाली एक-दोन ओळी आणि तळाशी बटणे असतात. ‘हो’, ‘नाही’ किंवा नुसतेच ‘ठीक आहे’. अ‍ॅप बनवणारे हिला ‘अ‍ॅलर्ट डायलॉग’ म्हणतात. आपण चौकट म्हणू.

ही चौकट समोर आहे तोवर मागच्या पानावर बोट चालत नाही. आधी तिचे उत्तर द्या, मग पुढे चला, असा तिचा हट्ट असतो. सभेत एखाद्याने हरकतीचा मुद्दा काढला की त्याचा निकाल लागेपर्यंत मूळ ठराव थांबतो ना? तसेच हे.

२. अंगठा तेव्हाचा आणि आताचा

चौकटीवर बोट टेकवणे ही साधी गोष्ट वाटते. पण तो आपला होकार असतो, आणि होकाराची किंमत शेतकऱ्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते काढून जाळली. ज्या कागदांवर आपला अंगठा आहे पण ज्यांतला मजकूर आपल्याला ठाऊक नाही, असे ते कागद होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात गाव-निबंधकांची तरतूद आली. शेतकऱ्याचे खत त्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे, असा त्यातला हेतू.

आपला वऱ्हाड तेव्हा निराळ्या कारभाराखाली होता आणि तो कायदा इकडे नव्हता. धडा मात्र सगळ्यांना सारखाच. आज समोर कोणी निबंधक बसलेला नाही. आपणच अंगठा लावणारे आणि आपणच निबंधक. म्हणून वाचायचे. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यायचे. त्यात लाज कसली?

३. चौकटीच्या तीन तऱ्हा

(अ) सांगणारी चौकट. हिला एकच बटण असते, ‘ठीक आहे’. ती काही विचारत नाही, फक्त कळवते. २० जुलै २०२३ रोजी देशात अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले आणि पडद्यावर एक चौकट आली. लोक घाबरले. ती केंद्राच्या दूरसंचार विभागाची चाचणी होती. पूर, वादळ, भूकंप अशा वेळी एका भागातल्या सगळ्या फोनवर एकदम इशारा पाठवता यावा म्हणून ही व्यवस्था तपासून पाहिली जात होती. ही चाचणी आहे, असे त्या चौकटीतच लिहिलेले होते. ज्यांनी वाचले ते निवांत राहिले.

(आ) विचारणारी चौकट. ‘नोंद जतन करायची का?’, ‘हे काढून टाकायचे का?’ इथे आपल्या उत्तराने काहीतरी बदलते. म्हणून बटणाआधी प्रश्न वाचावा. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि सातबारावर पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हातात आले. २०२२ च्या सुधारित अ‍ॅपमध्ये स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली. चूक झालीच तर उपाय आहे. पण तूर लिहायची तिथे हरभरा लिहून मग धावपळ करण्यापेक्षा शेवटच्या चौकटीपाशी अर्धा मिनिट थांबणे स्वस्त पडते.

(इ) परवानगी मागणारी चौकट. ही अ‍ॅपची नसते, खुद्द फोनची असते. कॅमेरा, ठिकाण, फोनमधले नंबर या आपल्या वस्तू. अ‍ॅपला त्या हव्या असतील तर फोन मालकाला विचारतो. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, वापरताना विचारण्याची ही रीत आली. त्याआधी अ‍ॅप बसवतानाच सगळे एकदम मागितले जाई. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत ‘अ‍ॅप वापरत असेपर्यंतच’ आपले ठिकाण कळू देण्याची मुभा आली. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ अशी मुभा आली. त्याच आवृत्तीपासून दोनदा नाही म्हटले की फोन तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. उंद्रीला आमच्यासमोर घडले ते हेच.

मग हो म्हणायचे की नाही? कसोटी सोपी आहे. मागणी कामाला शोभते का, ते पाहा. पीक पाहणीला शेतातला फोटो आणि ठिकाण लागणारच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका कळवते. आपण कुठे आहोत हे त्याला कळले नाही तर ते कळवणार काय? तिथे ‘हो’ म्हणावे. पण बॅटरी उजेडासाठी घेतलेल्या अ‍ॅपला आपले मेसेज वाचायचे असतील तर ‘नाही’. कडबा मागायला आलेल्याने तिजोरीची किल्ली मागितली तर आपण देतो का?

४. चौकट मिटवण्याच्या वाटा

चौकट तीन वाटांनी मिटते. बटण दाबून, चौकटीबाहेर बोट टेकवून, किंवा फोनचे मागे जाण्याचे बटण दाबून. अँड्रॉइडवर अ‍ॅप बनवणाऱ्याने मनाई केली नसेल तर तिन्ही वाटा चालतात. आयफोनवर अशी चौकट बाहेर बोट लावून मिटत नाही, तिच्यातले बटणच दाबावे लागते.

न समजलेली चौकट आली तर बाहेर बोट टेकवावे किंवा मागे जावे. हे उत्तर न देता उठून येण्यासारखे आहे. कळल्यावर पुन्हा जाता येते.

दोन ठिकाणी मात्र विशेष जपावे.

पहिले, खोटी चौकट. इंटरनेटवर एखादे पान पाहताना ‘तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस आहे’ अशी चौकट येते. ती फोनची नसते, त्या पानावर काढलेले चित्र असते. तिच्यातले ‘बंद करा’ हेही आमिषच असू शकते. तिला हात न लावता ते पानच बंद करावे.

दुसरे, पैशाची चौकट. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. ‘पैसे जमा होण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणाला की समजा, चोर दारात आहे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे हातून दूर जातात.

५. चौकट बनवणाऱ्या मुला-मुलींसाठी

आपल्या सभासदांची मुले आता अ‍ॅप बनवायला शिकत आहेत. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन हे मोबाईलवर दाखवण्याचे काम उद्या त्यांच्यातलाच कोणी करील. त्यांच्यासाठी चार शब्द.

(१) चौकट क्वचित दाखवा. दर पावलाला चौकट आली तर माणूस न वाचता दाबायला शिकतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नोंद जतन झाली एवढेच सांगायचे असेल तर खाली एक ओळ येऊन गेली तरी पुरे. काम अडवणारी चौकट तेव्हाच आणा, जेव्हा चूक झाली तर नुकसान होणार आहे.

(२) बटणावर कामाचे नाव लिहा. हा मुद्दा मराठीत फार महत्त्वाचा. आम्ही एका अ‍ॅपमध्ये पाहिले. प्रश्न होता, ‘नोंद रद्द करायची आहे का?’ आणि खाली बटणे, ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ दाबले तर काय रद्द होणार? नोंद, की हा प्रश्न? इंग्रजीत ‘कॅन्सल’ लिहिले होते, त्याचे डोळे मिटून ‘रद्द करा’ झाले. शेतकऱ्याने नोंद ठेवायची म्हणून एक बटण दाबावे आणि नोंदच जावी, किंवा उलट. त्याऐवजी लिहा, ‘नोंद काढून टाका’ आणि ‘नोंद राहू द्या’. प्रश्न न वाचताही माणूस चुकणार नाही. अँड्रॉइडच्या चौकटीत तीन बटणांपर्यंत सोय असते, पण दोनात भागत असेल तर तिसरे देऊ नका.

(३) ‘उठून गेला’ म्हणजे ‘हो’ नव्हे. अँड्रॉइडमध्ये चौकट मिटणे याला ‘डिसमिस’ म्हणतात आणि वापरणाऱ्याने बाहेर बोट लावून किंवा मागे जाऊन ती टाळणे याला ‘कॅन्सल’. प्रत्येक कॅन्सलमध्ये डिसमिस होतेच, पण प्रत्येक डिसमिस म्हणजे कॅन्सल नव्हे. म्हणून नोंद काढण्याचे काम ‘डिसमिस’ला बांधू नका, त्या एका बटणालाच बांधा. नाहीतर बाहेर चुकून बोट लागले आणि नोंद गेली, असे होईल.

(४) खुंटी आहे का ते पाहून टांगा. चौकट ही एखाद्या पानावर टांगलेली असते. माहिती येईपर्यंत माणसाने ते पान सोडले, किंवा फोन आडवा केला, की अँड्रॉइड बहुधा ते पान मोडून नवे मांडतो. जुन्या पानावर चौकट टांगायला गेलात तर अ‍ॅप धाडकन बंद पडते. टांगलेली असेल तर ती नाहीशी होते. म्हणून नुसती चौकट न उघडता ती ‘डायलॉग फ्रॅगमेंट’मध्ये ठेवावी. फोन फिरला तरी चौकट पुन्हा उभी राहते.

आणि एक विनंती. ‘थांबा, काम सुरू आहे’ म्हणणारी, न मिटणारी चौकट देऊ नका. अशा चौकटीसाठी अँड्रॉइडमध्ये जी तयार सोय होती, ती २०१७ पासून वापरू नका असे खुद्द बनवणाऱ्यांनीच सांगितले आहे. शहरात ती दोन सेकंद दिसते. आमच्या वावरात रेंज एका बांधावर असते आणि दुसऱ्यावर नसते. तिथे ती चौकट म्हणजे कोंडवाडा. बाहेर पडायला एक दार ठेवा, आणि भरलेली माहिती फोनमध्ये जपून ठेवा.

६. सारांश

सरसकट ‘हो’ हा भोळेपणा, सरसकट ‘नाही’ ही भीती. दोन्हींच्या मधे वाचणे आहे. चौकट आली की तीन प्रश्न मनाशी विचारावे. कोण विचारतो आहे? काय मागतो आहे? हे माझ्या कामाला लागते का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर बोट लावावे, नाही मिळाली तर मागे फिरावे.

घरी करायचा अभ्यास

१) आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला ठिकाण व कॅमेरा दिला आहे ते पाहा. न शोभणारी परवानगी काढा.

२) पीक पाहणीच्या अ‍ॅपला परवानगी आहे ना, हे मुदत सुरू होण्याआधीच तपासा.

३) घरातल्या वडीलधाऱ्यांना खरी चौकट आणि खोटी चौकट एकदा दाखवून समजावून सांगा.

उंद्रीच्या त्या सभासदांची नोंद मुदतीत झाली. निघताना ते पुतण्याला म्हणाले, ‘आता मी वाचतो. नाही समजलं त तुले इचारतो. पण न वाचता दाबत नाही.’ आमच्या पाठाचे सार त्यांनी आमच्यापेक्षा थोडक्यात सांगितले. ते लक्षात ठेवावे, ही विनंती.