आवक सुरू, जावक बंद

शिक्षण खात्याचे परिपत्रक सकाळी शाळेच्या संगणकावर येऊन पडते. दुपारी मुख्याध्यापक पटसंख्येचे विवरणपत्र भरून उलट टपाली पाठवू पाहतात, तोच पडद्यावर सूचना उमटते की, जावक सर्व्हरने पाठविणाऱ्याची ओळख मान्य केलेली नाही. टपाल येत आहे त्या अर्थी इंटरनेट ठीक आहे, परवलीचा शब्दही ठीक आहे, तेव्हा दोष पलीकडच्या कार्यालयाचा असावा, असा तर्क सर्रास केला जातो. विवरणपत्राची मुदत मात्र टळून जाते.

हा तर्क बरोबर नाही. कार्यालयात आवक व जावक अशा दोन स्वतंत्र नोंदवह्या असतात. ई-मेलच्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे. आलेले पत्र आणून देणारा सर्व्हर निराळा आणि पत्र बाहेर नेणारा निराळा. पहिल्याशी व्यवहार आयमॅप किंवा पॉप पद्धतीने होतो, दुसऱ्याशी एसएमटीपी पद्धतीने. दोहोंचे पत्ते व पोर्ट क्रमांक वेगळे असतात आणि परवलीचा शब्दही प्रोग्रॅम दोनदा, वेगवेगळा जपून ठेवतो. म्हणून आवक सुरळीत असणे हा जावक ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

१९८२ साली एसएमटीपीचे नियम लिहिले गेले तेव्हा त्यांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची तरतूदच नव्हती. रस्त्यावरच्या टपालपेटीत कोणीही कोणाच्याही नावाने पत्र टाकावे, असा तो कारभार होता. पुढे जाहिरातबाजांनी व ठकांनी परक्या सर्व्हरांतून ढिगांनी पत्रे पाठविण्यास आरंभ केला. १९९९ मध्ये ओळख पटविण्याची जोड या नियमांना देण्यात आली. पडद्यावर ऑथेंटिकेशन असा शब्द दिसतो, तो याच तपासणीचा.

थंडरबर्ड हा विनामूल्य मिळणारा प्रोग्रॅम आणि जीमेलचे खाते, असे उदाहरण घेऊ. सूचना दिसताच ती बंद करण्याची घाई करू नये. तीत बहुधा एक तीन आकडी क्रमांक असतो. ५३५ म्हणजे नाव किंवा परवलीचा शब्द नाकारला गेला. ५३० म्हणजे ओळख द्यावयास हवी होती, पण प्रोग्रॅमने ती दिलीच नाही. क्रमांक नसून बराच वेळ वाट पाहिल्यावर जोडणी तुटल्याचे सांगितले असेल, तर दोष परवलीच्या शब्दात नसून बहुधा पोर्टात आहे. लिहिलेले पत्र खिडकीत तसेच राहते. ते ड्राफ्ट्समध्ये जतन करून मगच दुरुस्तीस हात घालावा.

शाळा व पंचायतींत एक कारण विशेष आढळते, व ते सहसा लक्षात येत नाही. अधिकाऱ्याची बदली होते, संगणकावर नवे खाते उघडले जाते, परंतु त्या खात्याला जावक सर्व्हर जुन्याच खात्याचा जोडलेला राहतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या नावावर टिचकी दिली की, उजवीकडील पानाच्या तळाशी आउटगोइंग सर्व्हर असा रकाना दिसतो. तेथे कोणाचे नाव आहे हे सर्वप्रथम पाहावे. बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांचे नाव तेथे असेल, तर नवा परवलीचा शब्द कितीही वेळा घातला तरी उपयोग नाही.

नाव बरोबर असेल तर जपून ठेवलेला शब्द तपासावा. सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात सेव्ह्ड पासवर्ड्सची यादी मिळते. तीत आवक व जावक यांच्या ओळी वेगळ्या असतात. एसएमटीपीने आरंभ होणारी ओळ तेवढी काढून टाकावी, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा आणि पत्र पाठवावे. नवा शब्द विचारला जाईल.

तरीही ५३५ येत राहिला तर दोष ओळख देण्याच्या पद्धतीत शोधावा. मे २०२२ च्या अखेरीस गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅमांतून नुसता नेहमीचा परवलीचा शब्द स्वीकारणे थांबविले. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांबाबत सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केले. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेली जुनी मांडणी, कोणी हात न लावताही, एके दिवशी बंद पडली. अशा वेळी जावक सर्व्हरच्या पानावर ऑथेंटिकेशन मेथड या रकान्यात ओऑथ२ निवडावे. मग कंपनीचीच खिडकी उघडते व तेथे ओळख द्यावी लागते. ही खिडकी कोरी राहिली तर थंडरबर्डमध्ये कुकीज स्वीकारण्याची मुभा आहे की नाही ते पाहावे. जीमेलला आणखी एक वाट आहे : खात्याला दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा व तो नॉर्मल पासवर्ड या पद्धतीने वापरावा. मात्र खात्याचा मूळ परवलीचा शब्द बदलला की ही सोळा अक्षरे रद्द होतात.

पोर्टाचे गणित सोपे आहे. ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. या जोड्यांची अदलाबदल झाली की जोडणी होत नाही. २५ क्रमांक वापरूच नये. अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात. सुरक्षिततेच्या रकान्यात ‘नन’ निवडून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण मग परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा वाटेने जाऊ शकतो. दुरुस्तीसाठी फोनवरून परवलीचा शब्द मागणाऱ्याला तो सांगू नये, मग तो माहितगार का असेना.

दुरुस्ती झाल्यावर प्रथम स्वतःच्याच पत्त्यावर व नंतर दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर एकेक ओळीचे पत्र पाठवावे. दोन्ही पोहोचल्याची खात्री झाली की ड्राफ्ट्समधले विवरणपत्र उघडावे, जोडपत्र जागेवर आहे ना ते पाहावे आणि पाठवून द्यावे. ते सेंट या कप्प्यात दिसल्यावरच जावक नोंदवहीत तारीख घालावी.